पॅरिसच्या पंगतीला

सदर : घरचे आणि दारचे



गतवर्षी मे महिन्यात थोरल्या नातवाच्या बार-मिट्झवाहनिमित्त आम्ही उभयता लोदहून पॅरिसला गेलो होतो. आमची कन्या लग्नानंतर त्या शहरी नांदते, हे या सदराच्या जुन्या वाचकांस ठाऊक आहेच. नातवाने तोरावाचन कसे केले, सिनेगॉगमध्ये कोण कोण आले होते, याविषयी लिहावे असे अनेकांनी सुचविले. परंतु आपल्या नातवाचे कौतुक आपणच छापावे हे बरे दिसत नाही. म्हणून समारंभानंतर चार दिवसांनी व्याह्यांनी आम्हांस जे जेवण दिले, त्याविषयी आज लिहीत आहे. त्या जेवणात एक जुनी गोष्ट मला नव्याने समजली, आणि ती माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

आमचे व्याही मूळचे ट्युनिसचे. १९५० व १९६० च्या दशकांत उत्तर आफ्रिकेतील हजारो यहुदी कुटुंबांनी फ्रान्सची वाट धरली, त्यांपैकीच हे एक. त्यांनी निवडलेले रेस्तोराँ शहराच्या १७व्या विभागात होते. पॅरिसच्या बेथ दिनच्या देखरेखीखालचे, मांसाहारी, आणि तरीही आधुनिक फ्रेंच पद्धतीचे. माणशी ९५ युरोंचे ते जेवण आहे हे कन्येने मला आधीच कानात सांगितले होते. ती रक्कम मी सौभाग्यवतीस सांगितली नाही. सांगितली असती, तर ती "मला भूक नाही" म्हणून घरीच बसली असती.

निघण्यापूर्वी मात्र मी तिला एक गोष्ट बजावली. "हे बघ, तिथे आपल्या कालवणांच्या आणि वाटणांच्या गोष्टी काढू नकोस. ती मोठी जागा आहे. विचारतील तेवढ्यालाच उत्तर दे."

ती जरीकाठी साडीच्या निऱ्या करीत होती. मान वर न करताच म्हणाली, "बरं."

आत शिरताच भिंतीशी हात धुण्याची जागा आणि दोन मुठींचे भांडे दिसले, तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला. निदान सुरुवात तरी ओळखीची होती. हात धुऊन, हामोत्सीची बेराखा म्हणून आम्ही पाव मोडला. लहानसा, गरम, कडक सालीचा पाव. फ्रान्समध्ये पाव आणि साध्या पाण्याची सुरई यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि वाढप्यांचे सेवाशुल्कही कायद्याने किमतीतच धरलेले असते. वर काही ठेवावयाचे ते आपल्या खुशीने. हे येथे मुद्दाम लिहितो, कारण आपली मंडळी बिलाच्या वेळी कावरीबावरी होतात. मीही झालो असतो.

दुसरी अडचण शब्दांची. आपण ज्याला मेन्यू म्हणतो त्यास तेथे 'कार्त' म्हणतात, आणि 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीचे, ठरलेल्या पदार्थांचे पूर्ण जेवण. 'आंत्रे' हा शब्द अमेरिकेत मुख्य पदार्थास लावतात. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ जेवणात प्रवेश करविणारा आरंभीचा पदार्थ. 'रेस्तोराँ' हा शब्ददेखील मुळात जागेचे नाव नव्हे. शक्ती भरून आणणाऱ्या मांसाच्या काढ्याला ते नाव होते, आणि १८व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये तो काढा जेथे विकत मिळे त्या दुकानांस तेच नाव पडले. आजाऱ्यासाठी आपल्या आया पायाचे सूप करीत, त्याचीच ही थोरली बहीण म्हणावयाची.

जेवण एकेक पदार्थाने पुढे सरकते, हीही प्रथा तेथे अनादी काळापासूनची नाही. पूर्वी फ्रान्सच्या मोठ्या घरांत बहुतेक पदार्थ एकदम मांडले जात, आपल्या मेजवानीसारखे. १९व्या शतकात रशियन रीत आली, आणि एकामागून एक गरम पदार्थ वाढण्यास प्रारंभ झाला. पुढे एस्कोफिए नावाच्या थोर आचाऱ्याने १९०३ साली आपल्या ग्रंथात सगळ्या पाकशास्त्राची नीट घडी बसविली. त्याच्या काळातील ते लोण्याचे, सायीचे, पिठाने घट्ट केलेले रस अर्धशतकाहून अधिक काळ सर्वत्र चालले. मग १९७३ साली आंरी गो आणि क्रिस्त्यां मियो या दोघा टीकाकारांनी नव्या पाकपद्धतीचे १० नियम जाहीर केले. जिन्नस ताजा असावा, फार शिजवू नये, जड रस टाकून द्यावेत, पदार्थांची यादी आटोपशीर असावी, अशा आशयाचे ते होते. वाचकांस ते वर्ष वेगळ्या कारणाने आठवत असेल. त्याच वर्षी आपण इकडे योम किप्पूरच्या युद्धात भोंग्यांचे आवाज ऐकत होतो. जगात एकाच वेळी किती निरनिराळ्या चिंता नांदत असतात!

आज आधुनिक फ्रेंच म्हणून जे ताट समोर येते, ते त्या नियमांचे अपत्य होय. ताट मोठे आणि पदार्थ लहान असतो. आरंभी बिटाचा एकच घास आला, तोही चमच्यात. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी डोळ्यांनीच सांगितले, पुढे अजून आहे.

त्यानंतर मासा आला. आपण इस्राएलात ज्याला डेनीस म्हणतो तोच, नुकताच शिजलेला, वर लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. विहीणबाईंनी मोठ्या उत्सुकतेने विचारले, कसा आहे? कन्येने भाषांतर केले. माझी ताकीद स्मरून सौ. एवढेच म्हणाली, "मासा ताजा आहे." नंतर मराठीत, मला ऐकू येईल इतकेच, "मीठही आहे."

मासा संपल्यावर लिंबाचे बर्फासारखे गार सॉर्बे आले. जेवणाच्या मध्यावर तोंड स्वच्छ करण्यासाठी ते देण्याची फ्रेंचांची जुनी रीत आहे. मासे आणि मांस एकत्र खाऊ नयेत, दोहोंच्या मध्ये तोंड स्वच्छ करावे, ही यहुदी रूढी तर आपणास परिचितच आहे. दोन निरनिराळ्या कारणांनी निघालेल्या वाटा त्या लहानशा वाटीपाशी येऊन मिळाल्या, याचे मला कौतुक वाटले.

व्याह्यांनी बोर्दोची कोशेर वाइन मागविली. ती ओतता ओतता ते म्हणाले की, लाफितचा प्रसिद्ध द्राक्षमळा १८६८ साली जेम्स द रोथशिल्ड यांनी विकत घेतला, आणि त्यांचेच चिरंजीव बॅरन एडमंड यांनी रिशोन लेझियोन व झिख्रोन याकोव येथील वाइनच्या कोठारांस पैसा पुरविला. म्हणजे शुक्रवारच्या किद्दूशसाठी आपण जो प्याला भरतो, त्याचेही पॅरिसशी थोडेसे नाते आहेच.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. फ्रेंच पाकशास्त्राचा प्राण स्निग्ध पदार्थात आहे. उत्तरेकडे लोणी व साय, दक्षिणेकडे ऑलिव्हचे तेल, नैर्ऋत्येकडे हंस-बदकांची चरबी, असे त्या देशाचे ढोबळ भाग पाडता येतात. पॅरिसची थोर परंपरा प्रामुख्याने लोण्यासायीची. कोशेर मांसाहारी स्वयंपाकघरात पाऊल ठेवताच आचाऱ्याच्या हातून ही दोन्ही जातात. त्याखेरीज कालवे, शेवंड, गोगलगायी, बेडूक, ससा आणि डुकराचे मांसही वर्ज्य. इस्राएलाबाहेर बहुधा जनावराचा मागचा भागही वापरीत नाहीत, कारण जांघेची निषिद्ध शीर व चरबी काढणे फार किचकट असते. शेवटी फ्रेंच जेवणात चीजचे ताट यावयाचे, तेही येत नाही. युनेस्कोने २०१० साली फ्रेंचांच्या भोजनपद्धतीस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले, त्यातदेखील गोडापूर्वी चीज सांगितलेले आहे! एवढे सारे वजा केल्यावर फ्रेंच म्हणून शिल्लक काय राहणार, अशी शंका माझ्या मनात होती.

त्या शंकेचे उत्तर कोंबडीच्या रूपाने आले. अळंब्यांसह पांढऱ्या रसातील कोंबडी. हा फ्रेंचांचा जुना, घरगुती, प्रतिष्ठित पदार्थ, आणि त्याचा रस एरवी सायीचा असतो. समोरचा रस तसाच दाट, पांढरा आणि मऊ होता. त्यात अळंब्यांचा व कसल्याशा पाल्याचा वास होता. मी मनाशी म्हणालो, बदामाचे दूध असावे.

सौ.ने एक घास घेतला. मग काट्याने नुसताच रस जिभेवर घेऊन पाहिला. तिचा चेहरा एकदम उजळला आणि ती विसरली की मी तिला काही बजावले आहे. "अगं, हा तर नारळाचा रस!" ती कन्येस म्हणाली. "पहिला रस आहे. आणि शेवटी घातलाय, आच काढून. एवढासाही फुटलेला नाही बघ."

कन्येने ते फ्रेंचमध्ये सांगितले. विहीणबाईंनी घास घेऊन पाहिला, त्यांस नारळ लागला नाही. व्याह्यांसही लागला नाही. त्यांनी वाढप्यास विचारले. वाढपी आत जाऊन आला, आणि त्याच्यामागून स्वतः मुख्य आचारीच पांढऱ्या अंगरख्यात बाहेर आला. साठीच्या आसपासचा, ठेंगणा, दमलेला मनुष्य. "नारळ कोणी ओळखला?" असे त्याने विचारले.

मला वाटले, आता आपली शोभा होणार. पण तो खुर्ची ओढून सौ.शेजारी बसला.

पुढील १० मिनिटे कन्या दुभाष्याचे काम करीत होती. तो म्हणाला की, त्याची उमेदवारी लोण्याच्या स्वयंपाकघरांत झाली. तेथे रस आटवून झाला की भांडे आचेवरून उतरवून त्यात गार लोण्याचे लहान लहान तुकडे घालावयाचे आणि भांडे हलवीत राहावयाचे, म्हणजे रसास चकाकी व दाटपणा येतो. उकळी आली तर लोणी सुटून वर येते आणि रस बिघडतो. कोशेर स्वयंपाकघरात आल्यावर लोण्याच्या जागी काय घालावे या विवंचनेत त्याची पुष्कळ वर्षे गेली. वनस्पतीची कृत्रिम साय त्याला रुचेना. नारळाचा रस घेतला, तर तो उकळताच फुटे. अखेर, लोण्यासारखाच शेवटी आणि आच उतरवून घालावयाचा, हे त्याचे त्यालाच उमगले. "तुम्हांला हे कोणी शिकवले?" त्याने विचारले.

"कोणी शिकवलं म्हणजे?" सौ. म्हणाली. "सासूबाई करायच्या. त्यांच्या सासूबाई करायच्या. पातळ रसात शिजवायचं, घट्ट रस शेवटी घालायचा, झाकण ठेवायचं नाही. आमच्याकडे मटणात दही-दूध कधी पडलंच नाही. नारळ होता ना दारात!"

वाचकहो, मी त्या क्षणी खाली मान घालून पाव मोडीत बसलो होतो. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला ते बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हे आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. परंतु त्याच घरांतील बायकांनी, मांस व दूध एकत्र न करण्याची आज्ञा पाळून, दाराशी उभ्या असलेल्या माडाच्या बळावर एक संपूर्ण पाकपद्धती उभी केली, हे मात्र आपण कधी भाषणात सांगत नाही. रोश हाशानाचा चिकाचा हलवादेखील नारळाच्या रसातच घोटावयाचा, म्हणून तो मटणाच्या जेवणावर निर्वेधपणे खाता येतो. जो प्रश्न पॅरिसच्या आचाऱ्यास पुष्कळ वर्षे सतावीत होता, त्याचे उत्तर रेवदंडा-अलिबागच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या रटरटत होते. आणि त्याविषयी तोंड उघडू नकोस, असे मी घरून निघताना सांगून आलो होतो.

हे सांगणेही पहिलेच नव्हते.

१९७१ साली, इस्राएलात येऊन आम्हांस दोन वर्षे झाली असता, मी एका कारखान्यात कामास होतो. सौ. डब्यात आदल्या दिवशीचे माशाचे कालवण आणि भात देत असे. ताजा नारळ मिळत नव्हता, म्हणून सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून ती रस काढी. एके दिवशी डबा उघडताच बाकावरील एकाने नाकास रुमाल लावला, दुसऱ्याने काहीतरी म्हटले आणि सगळे हसले. मला तेव्हा इतकी हिब्रू येत नव्हती की ते काय म्हणाले ते कळावे. तेवढे बरेच झाले. मी ते कालवण मागच्या बाजूस ओतून दिले, नळावर डबा धुतला आणि घरी येऊन सौ.ला म्हणालो की, जेवावयास वेळ कमी मिळतो, उद्यापासून पाव आणि उकडलेले अंडे देत जा. ती "बरं" म्हणाली. पुढील २८ वर्षे मी पाव आणि अंडे खाल्ले. घरीसुद्धा हळूहळू कालवण शब्बाथपुरते आणि सणापुरतेच उरले. मुलांना ते आवडत नाही, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. वास्तविक मुलांस ते पुरेसे मिळालेच नाही.

त्या रात्री मेट्रोने परत येताना मी सौ.ला हे सारे सांगितले. ५० वर्षांहून अधिक काळ पोटात ठेवलेली गोष्ट पॅरिसच्या भुयारी गाडीत बाहेर पडावी, यास काय म्हणावे!

ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"तुम्ही डबा धुऊन आणला होतात. त्याआधी कधी धुतला होतात का?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते. आमचे स्थानक आले आणि आम्ही उतरलो.

जेवणाविषयी आणखी दोन शब्द सांगून हे पुराण आवरतो. गोड पदार्थ म्हणून ऑलिव्ह तेलातील चॉकलेट आले, वर मिठाचे चार कण. ते उत्तम होते. मागाहून काळी कॉफी. साडेतीन तास आम्ही टेबलाशी होतो, आणि कोणीही घाई केली नाही. पोट भरते का, असे मला परतल्यावर अनेकांनी विचारले. भरते. घास लहान असतात, पण ते पुष्कळ असतात आणि सावकाश येतात. एवढा पैसा एका जेवणावर घालवावा का? आम्ही आमच्या खिशातून घालविला नसता, हे खरे. परंतु व्याह्यांनी पाहुण्यांसाठी आधी चौकशी करून, मोठे मांस आम्ही खात नाही हे ध्यानात ठेवून, कोंबडी सांगून ठेविली होती. यजमानाने आपला इतका विचार केला, हे त्या जेवणातले मला सर्वांत मोलाचे वाटले, आणि त्यास ९५ युरो लागत नाहीत.

निघताना आचाऱ्याने सौ.जवळ कोंबडीच्या हिरव्या वाटणाची कृती मागितली. विहीणबाईंनीही मागितली. आणि खरे सांगावयाचे तर, तिसरी मागणी आमच्या कन्येने केली. ती ४६ वर्षांची आहे, आणि तिला ती कृती येत नव्हती.

लोदला परतल्यावर मी वही घेऊन बसलो. कोथिंबीर किती? "मूठभर." कोणाची मूठ? "माझी." मिरच्या? "बघून." पाणी? "लागेल तसं." अखेर एका शुक्रवारी मी तराजू आणि मापाचा पेला घेऊन ओट्याशी उभा राहिलो, आणि तिची प्रत्येक मूठ पातेल्यात पडण्यापूर्वी मोजून घेतली. तिला त्याचा भारी त्रास झाला. स्वयंपाकास एक तास उशीर झाला, शब्बाथच्या मेणबत्त्या जेमतेम वेळेवर लागल्या. पण कृती उतरली. हिब्रूत आणि फ्रेंचमध्ये त्याचे भाषांतर कन्येने केले, आणि एक प्रत त्या आचाऱ्याकडे पोहोचली आहे.

माझी वाचकांस नम्र विनंती आहे की, आपल्या घरी जी वडीलधारी स्त्री अजून मुठीने मोजते, तिच्याशेजारी एक शुक्रवार तराजू घेऊन उभे राहावे. बिरडे असो, कालवण असो, मलीद्याचे ताट असो, हलवा असो. जी कृती हाती येईल ती स्वच्छ अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूस लिहून संपादकांकडे पाठवावी. आपल्या आजोळाचे गाव अवश्य लिहावे, कारण नागावचे वाटण आणि पनवेलचे वाटण एक नसते, यावरून आमच्या घरी आजही वाद होतात.

आणि ज्यांनी कधी एखादा डबा धुऊन घरी आणला असेल, त्यांनी तेही घरी सांगून टाकावे. घरी बहुधा ते आधीच ठाऊक असते.

असो. पुढील अंकी भेटूच. शालोम.